वाचकांचे प्रश्न : सेंट लुईसचे खासगी रस्ते

प्रश्न : अमेरिकेतील सेंट लुईस शहरात काही निवासी रस्ते महापालिकेचे नसून त्यांवर राहणाऱ्या घरमालकांच्या सामायिक मालकीचे आहेत, असे वाचनात आले. भर शहरातला रस्ता खासगी कसा राहू शकतो? ही पद्धत का सुरू झाली, आणि ती केवळ धनिकांची हौस होती का?

उत्तर : हौस होतीच, परंतु तिच्या मुळाशी शेजारच्या जमिनीचे उद्या काय होईल ही धास्ती होती. १८४० साली सुमारे सोळा हजार वस्ती असलेले हे नदीकाठचे शहर दहा वर्षांत ७७ हजारांच्या पुढे गेले आणि त्यातच १८४९ साली मोठी आग व पटकीची साथ अशी दोन संकटे एकाच वर्षात येऊन गेली. ज्यांना परवडत होते ते नदीपासून पश्चिमेकडे सरकू लागले. परंतु नव्या बंगल्याशेजारी उद्या तबेला, गुत्ता किंवा कारखाना उभा राहणार नाही, याची हमी देणारा कायदाच तेव्हा नव्हता. जमिनीच्या वापराचे विभाग ठरवणारा नियम सेंट लुईसने १९१८ साली केला, तोही राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली रद्द ठरवला आणि शहराला तो १९२६ मध्ये नव्याने करावा लागला. तोवरची सात-आठ दशके हे काम खरेदीखतातील अटींनीच केले.

पहिला प्रयत्न १८५० च्या सुमारास लुकस प्लेस येथे झाला. तेथील भूखंड विकताना व्यापारधंद्याला मनाई करणाऱ्या अटी घातल्या होत्या आणि पूर्वेकडून येणारी रहदारी एका उद्यानाने अडवली होती. मात्र अटी ठरावीक मुदतीच्या होत्या आणि १८८० च्या दशकात त्या उद्यानाच्या जागी प्रदर्शन व संगीताचे भव्य सभागृह उभे राहिले. व्यापार शिरला, रहिवासी निघून गेले. आज तेथील एकच जुने घर, १८५१ साली बांधलेले कॅम्पबेल हाऊस, संग्रहालय म्हणून शिल्लक आहे.

पुढची पायरी प्रशियात जन्मलेला भूमापक ज्युलियस पिट्झमन याने गाठली. १८६८ साली त्याने आखलेल्या बेंटन प्लेसमध्ये अटी केवळ भूखंडांवर नव्हत्या, तर रस्ताच घरमालकांचा होता. येथे मुद्दा रस्त्याच्या तोंडावरील फाटकाचा नसून दस्ताचा आहे, हे नीट ध्यानात घ्यावे. रस्त्याची जमीन विश्वस्तांच्या हाती असते. प्रत्येक घरमालक दरवर्षी ठरलेली वर्गणी भरतो. फरसबंदी, दिवे, झाडे आणि झाडलोट यांचा खर्च त्यातून होतो. अटी व्यक्तीला नव्हे, जमिनीला जोडलेल्या असल्याने घर विकले तरी नव्या मालकाला त्या लागू राहतात. महापालिकेचे कर मात्र चुकत नाहीत, ते वेगळे भरावेच लागतात. उलट बाजूने पाहिले तर शहर तेव्हा रस्ते बांधण्यात आणि राखण्यात इतके मागे होते, की ही वर्गणी भरणाऱ्यांना फारशी जड वाटत नसावी.

१८७० मध्ये पिट्झमननेच व्हँडेव्हेंटर प्लेस आखले. घर किमान दहा हजार डॉलर खर्चूनच बांधायचे, अशी तेथे अट होती, आणि त्या काळात ही रक्कम फार मोठी होती. शहरातील सर्वांत मानाचा पत्ता म्हणून तो रस्ता एक पिढी मिरवला. त्याचा ऱ्हास अधिक बोधप्रद आहे : आतले नियम पूर्ण शाबूत असूनही चहूबाजूंनी शहराची धूळ, धूर आणि धंदे वेढून आले, आणि कराराला फाटकापलीकडे काहीच अधिकार नव्हता. १९४७ साली पूर्वेकडील अर्धा भाग माजी सैनिकांच्या रुग्णालयासाठी घेतला गेला. उरलेला भागही लवकरच पाडण्यात आला. याउलट १८८८ मध्ये आखलेली पोर्टलंड प्लेस आणि वेस्टमोरलंड प्लेस टिकली, कारण त्यांच्या दक्षिणेला फॉरेस्ट पार्क हे १८७६ साली खुले झालेले विशाल सार्वजनिक उद्यान आहे. खासगी रस्त्यांचे सर्वांत मोठे संरक्षण सार्वजनिक पैशाने झाले, असे म्हणायला हरकत नाही.

प्रश्न : अशा करारांचा उपयोग वर्णभेदासाठी झाला का?

उत्तर : झाला, आणि केवळ खासगी रस्त्यांपुरता नाही. १९१६ साली सेंट लुईसच्या मतदारांनी कौल देऊन वंशानुसार वस्त्या वेगळ्या ठेवणारा नियम मंजूर केला. पुढच्याच वर्षी केंटकीतील एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरवल्यावर हेच काम खासगी करारांकडे आले. कारखाना दूर ठेवणारे कलम आणि कृष्णवर्णीय कुटुंब दूर ठेवणारे कलम एकाच कायदेशीर साच्यातून निघते, म्हणून हे सहज जमले. लॅबडी ॲव्हेन्यू हा काही खासगी रस्ता नव्हता, तरी तेथील मालकांनी १९११ साली असा करार केला होता. १९४५ मध्ये शेली या कृष्णवर्णीय कुटुंबाने तेथे घर घेतल्यावर शेजारी न्यायालयात गेले. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने शेलींच्या बाजूने निकाल दिला. मात्र करार करणे बेकायदा न ठरवता, न्यायालयांनी त्याची अंमलबजावणी करून देणे घटनाविरोधी आहे, एवढेच सांगितले. विक्रीतील खासगी भेदभावाला खरी बंदी १९६८ साली आली.

प्रश्न : फाटकांमुळे गुन्हे खरोखर कमी होतात का?

उत्तर : वास्तुरचनाकार ऑस्कर न्यूमन यांचे मत तसे होते. सेंट लुईसमधीलच प्रुइट-आयगो या उंच सरकारी वसाहतीची दुर्दशा त्यांनी पाहिली होती. सर्वांच्या मालकीची जागा कोणाचीच राहत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. खासगी रस्त्यांवर रहदारी थोडी, चेहरे ओळखीचे, त्यामुळे परका माणूस लगेच लक्षात येतो, असे ते मांडत. याच सुमारास, १९७० च्या दशकात, मध्यमवर्गीय रहिवाशांनीही काही सार्वजनिक रस्ते शहराकडून आपल्या ताब्यात घेतले. १९८० च्या दशकात महापौर व्हिन्सेंट शेमेल यांच्या कारकिर्दीत तर मातीने भरलेले सांडपाण्याचे अवजड काँक्रीट नळ रस्त्यात उभे ठेवून अनेक साधे रस्तेही एका टोकाला बंद झाले. परंतु वर्गणी गोळा करणारे, सभा घेणारे आणि एकमेकांना ओळखणारे रहिवासी जेथे आहेत तेथेच फाटक उभे राहते. तेव्हा श्रेय फाटकाचे की त्या संघटनेचे, हे वेगळे काढणे कठीण आहे. शिवाय बंद केलेल्या रस्त्याची रहदारी नाहीशी होत नाही, ती शेजारच्या उघड्या रस्त्यावर जाते, आणि तेथील रहिवाशांना याविषयी सहसा कोणी विचारलेले नसते.