कोथरूडमधील आमच्या सोसायटीची मराठी कागदपत्रे शोधता येतील असे पेपरलेस-एनजीएक्स (स्कॅन केलेले कागद साठवून शोधू देणारी प्रणाली) उबुंटूवर कसे बसवावे?

ते डॉकर कंपोझने (अनेक प्रोग्राम एकत्र जुळवून चालवणाऱ्या साधनाने) बसवावे; प्रकल्पाच्या अधिकृत माहितीपत्रातही हाच मार्ग सुचवला आहे, कारण डेटाबेस, कामांची रांग सांभाळणारे रेडिस आणि मजकूर ओळखणारे टेसरॅक्ट यांची जुळणी त्यात आधीच झालेली असते. मात्र तयार इमेजमध्ये (प्रोग्रामच्या तयार संचात) मराठी नसते, म्हणून पर्यावरण-फाइलीत (सेटिंग्ज लिहिण्याच्या फाइलीत) पुढील दोन नोंदी रोमन लिपीत (नाव मोठ्या अक्षरांत, मूल्य लहान अक्षरांत, मध्ये '=' चिन्ह) अवश्य कराव्यात:

- पेपरलेस_ओसीआर_लँग्वेजेस: एमएआर (यामुळे भाषा उतरवली जाते)
- पेपरलेस_ओसीआर_लँग्वेज: एमएआर+ईएनजी (यामुळे ती वापरली जाते)

दुसरी नोंद राहिली, तर खरेदीखतातील देवनागरी मजकुराऐवजी निरर्थक रोमन अक्षरे साठवली जातात आणि शोध व्यर्थ ठरतो. छापील कागदांवर हे चांगले चालते. हस्तलिखित इतिवृत्ते मात्र टेसरॅक्टला वाचता येत नाहीत, त्यांना शीर्षक, तारीख आणि टॅग हातानेच द्यावे लागतात.