न्यूमोकोकसच्या लशीनंतर जंतूचे दुसरेच प्रकार वाढतात म्हणे, मग बाळाला ती का द्यायची?

दुसरे प्रकार वाढतात हे खरं, पण त्यामुळे लस वाया जात नाही.

न्यूमोकोकस हा न्यूमोनिया, मेंदूज्वर घडवू शकणारा जंतू कित्येक धडधाकट मुलांच्या नाका-घशात काही त्रास न देता राहतो. त्याच्याभोवतीच्या शर्करेच्या आवरणावरून त्याचे सुमारे १०० प्रकार पडतात. लस शरीराला त्यातल्या निवडक, जास्त घातक प्रकारांना ओळखायला शिकवते. ते हटले की मोकळी जागा बाकीचे घेतात.

अमेरिकेत हे स्पष्ट दिसलं. २००० साली तिथे ७ प्रकारांची लस आली आणि त्या प्रकारांमुळे लहान मुलांना होणारा मेंदूज्वर, रक्तातला संसर्ग जवळपास संपला. लस न घेतलेल्या आजी-आजोबांमध्येही आजार घटला, कारण नातवंडांकडून येणारा जंतूच कमी झाला. मग १९ए हा प्रकार वर आला, तोही बऱ्याचदा अँटिबायोटिकला दाद न देणारा. २०१० मध्ये १३ प्रकारांची लस आली, तिच्यात १९ए घातला होता, तोही घटला. या सगळ्यात मुलांमधला एकूण गंभीर आजार मात्र खूप कमीच राहिला, आणि माझ्या मते पालकांनी बघायचं ते हेच.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या १० प्रकारांच्या लशीतही १९ए आहे. सरकारी लसीकरणात पीसीव्ही (न्यूमोकोकसची हीच लस) मोफत मिळते: दीड महिना, साडेतीन महिने आणि ९ महिने. शेवटचा बूस्टर कृपया चुकवू नका.

लस घेतलेल्या बाळालाही न्यूमोनिया होऊ शकतो. श्वास भराभर चालला, बरगड्यांखाली छाती आत ओढली जाऊ लागली, तर लगेच डॉक्टर गाठा.