आधी डिसेंबरचं बिल काढा

अमळनेरहून एका ताईंनी विचारलंय: घरात पाच माणसं, न्हाणीत १५ लिटरचा गिझर, पाणी बोअरचं, जड. २०० लिटरचा सोलर हिटर ३८ हजारांत मिळतोय आणि विक्रेता म्हणतो, दोन वर्षांत पैसे वसूल. त्यासाठी ७ टक्क्यांची ४० हजारांची एफडी मोडावी का? विजेचा वापर डिसेंबरात १३० युनिट, मेमध्ये २४०.

ताई, यासाठी एफडी मोडू नका. विक्रेत्याने वर्षाचे ३०० दिवस गरम पाणी धरलंय. आपल्याकडे एप्रिल-मेत गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच अंगाला चटके देतं. गिझर खरा चालतो नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे दीडशे दिवस. माणशी २० लिटरची बादली, पाणी २० अंशांवरून ४० वर न्यायचं, तर पाच जणांना गळतीसकट रोज अडीच युनिट लागतात. महिन्याला ७५.

आता या ७५ युनिटांचा भाव बघा. हिवाळ्यात कूलर बंद असतो. १३० पैकी १०० च्या वरची फक्त ३० युनिटं महाग टप्प्यात जातात. ती सगळे आकार धरून १२ रुपयांनी धरू, उरलेली ४५ सहा रुपयांनी. महिन्याची बचत ६३० रुपये, हिवाळ्याच्या पाच महिन्यांची, म्हणजे वर्षाची ३,१५०. इकडे ३८ हजारांवरचं व्याजच २,६६० बुडतं. वसुली दोन वर्षांत नाही, बारा वर्षांत, तीही दुरुस्तीचा खर्च न धरता.

गच्ची आणि वीजजोडणी तुमच्या नावावर असेल तर हाच पैसा १ किलोवॅटच्या सोलर पॅनेलकडे वळवा. पंतप्रधान सूर्यघर योजनेत त्याला ३० हजारांचं अनुदान आहे. महिन्याला सरासरी १२० युनिट वीज होते आणि मेमधली तुमची महागडी युनिटं तीच खाते. वर्षाला बाराएक हजार वाचावेत. अडचण एकच: अनुदान मागाहून खात्यात येतं. कोटेशन ७० हजारांचं असेल तर आधी ७० हजार उभे करावे लागतात. एफडीच्या ४० हजारांवरचे ३० हजार हातउसने किंवा बँकेच्या कर्जातून जमत असतील तरच पुढे जा.

तरीही हिटरच हवा असेल तर १०० लिटरचा पुरतो. त्यातलं ६० अंशांचं पाणी थंडात मिसळलं की २०० लिटर आंघोळीचं पाणी होतं. जड पाण्याला काचेच्या नळ्यांचा घ्या. तांब्याच्या बारीक नळ्यांचा घेतला तर त्या क्षाराने चोंदतात. टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमचा रॉड असतो. तो आहे ना आणि कधी बदलायचा, हे विक्रेत्याकडून लिहून घ्या. थंड पाण्याच्या टाकीचा तळ हिटरच्या टाकीहून उंच लागतो. तो ओटा बांधण्याची मजुरी कोटेशनमध्ये सहसा नसते, आणि गरम पाण्याची सीपीव्हीसी (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या पाइपची) लाइनही नसते.

भर दुपारी रिकाम्या, तापलेल्या नळ्यांत पाणी सोडू नका, तडकतात. मेमध्ये पाणी वापरात नसतं, टाकी उकळते आणि क्षार सर्वांत जास्त तेव्हाच बसतो. म्हणून मार्च संपला की नळ्यांवर हिरवी जाळी टाकायची.