फोकस म्हणजे चूल

बेळगावजवळच्या खानापूरकडच्या, लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करणाऱ्या एका तरुणाने विचारलंय: 'आमच्याकडे हॅलोजनच्या दिव्याला सगळे फोकस म्हणतात. फोकस तर कॅमेऱ्याचा असतो, मग हे चूकच ना? आणि की लाइट, फिल लाइट यांना मराठीत काय म्हणावं?'

चूक मुळीच नाही. चूक आहे तो 'प्रकाशझोत'. 'वधूच्या चेहऱ्यावर सौम्य प्रकाशझोत टाका' असलं मराठी हल्ली शिकवण्या घेणारेही बोलतात. झोत म्हणजे एका दिशेने जोरात येणारा लोट. तो सौम्य कसा असेल? चेहरा मऊ दिसायला हवा, तर दिव्याचं तोंड पांढऱ्या भिंतीकडे नाहीतर थर्माकोलच्या पाट्याकडे फिरवायचं. मग अख्खी भिंतच दिवा होते आणि नाकाखालची काळी सावली विरते. म्हणजे झोत मोडायचा असतो, टाकायचा नसतो. जे उरतं त्याला उजेड म्हणतात. चांगला शब्द आहे, वापरा.

आता फोकस. हा शब्द लॅटिन, आणि त्याचा मूळ अर्थ चूल! घरातली, विस्तव असलेली चूल. त्यातूनच इटालियन 'फुओको', स्पॅनिश 'फुएगो', फ्रेंच 'फ' आले आणि सगळ्यांचा अर्थ झाला आग. 1604 साली खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरने प्रकाशशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात हा शब्द गणितातल्या बिंदूंसाठी उचलला. भिंगातून ऊन एका ठिपक्यावर आणलं की कागद पेटतो; जर्मन लोक त्या ठिपक्याला 'जळता बिंदू' म्हणतात, त्यावरून केप्लरच्या मनात काय असेल ते कळतं. कॅमेरेवाल्यांकडे शब्द आला तो फार नंतर. तेव्हा मांडवात 'थांब की, फोकस लावूलालोय' म्हणणारा पोरगा भाषाशुद्धीवाल्यांपेक्षा मुळाच्या जवळ आहे. हजार वॅटच्या हॅलोजनसमोर उभ्या राहिलेल्या नवरीला विचारा, ती चूल आहे की नाही! त्यातली बहुतेक वीज उष्णतेतच जाते. स्पॅनिशमध्येही 'फोको' म्हणजे दिवाच. आपल्याकडचा कन्नड मंडपवालाही फोकसच म्हणतो, म्हणजे निदान या शब्दावर सीमावाद नाही.

खरा राग पाठ्यपुस्तकांचा. तिथे फोकसला 'नाभी' केलं आणि फोकल लेंग्थला, म्हणजे भिंगापासून त्या ठिपक्यापर्यंतच्या अंतराला, 'नाभीय अंतर'. चूल सोडून बेंबी धरली! नाभी म्हणजे चाकाचा मधला तुंबाही, हा बचाव मला माहीत आहे. पण चाकाच्या तुंब्यात कधी काही पेटलंय का? आपल्याकडे 'आगटी' होती, म्हणजे विस्तवाची जागा. संस्कृत अग्निष्ठिका, तिचीच हिंदीत अंगीठी झाली. भिंगाची आगटी, आगटीचं अंतर: शाळेतल्या मुलाला भिंगाने वाळलेलं पान जाळून दाखवलं की व्याख्या पाठ करायला नको. परिभाषा ठरवणाऱ्यांना चुलीचा वास सोवळ्यात चालला नसावा, असा माझा जुना संशय आहे.

माझं आणखी एक वेड सांगून टाकतो. कन्नडमध्ये 'बेळगु' म्हणजे उजळणं, 'बेळकु' म्हणजे उजेड. बेळगावचं नाव वेणुग्रामावरून, वेळूच्या बनावरून आलं असं सगळे सांगतात, इथल्या जुन्या रट्ट राजांच्या शिलालेखांत वेणुग्राम आहेच. पण बोलणाऱ्यांच्या कानात वेळूबरोबर बेळगुही वाजला नसेल कशावरून? पंडितांनी हसावं, हरकत नाही.

हां, कॅमेऱ्यातला फोकस वेगळा सांगायचा तर 'फोकस कर' आणि 'फोकस लाव'. क्रियापद बदललं की काम झालं. मांडवात कोणाचा घोटाळा झालेला मी तरी पाहिला नाही. आणि तो फोकस लावाल तेव्हा खिडकीतलं ऊन आत येत नाही ना ते बघा. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: हॅलोजन साधारण 3200 केल्विनचा पिवळा, दुपारचा उजेड 5600 च्या आसपास निळसर. दोन्ही एकत्र आले की अर्धी नवरी हळदीची आणि अर्धी निळी.

फिल लाइटला 'भरणीचा दिवा' म्हणा, सावली भरून काढतो तो. पाठीमागच्याला पाठदिवा. की लाइटला मात्र 'मुख्य दिवा'च म्हणा, कारण आपल्या भागात 'की' शब्द आधीच गुंतलेला आहे. 'की लाव की' असं ओरडलात तर त्यातला दिवा कुठला, हे पोराने कसं ओळखायचं?