जा, पण वाडी गहाण टाकून नको

प्रश्न : ताई, मी अलिबागजवळच्या गावात वाढले, इतिहासात एम.ए. केलं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात ज्यू अभ्यासाच्या दोन वर्षांच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय. निम्मी फी माफ आहे. उरलेल्यासाठी बाबा नारळाची वाडी गहाण ठेवायला निघालेत. आई विचारते, हे शिकून करणार काय? आणि मला स्वतःलाच रात्री वाटतं, मी ज्यू नाही. 'तुझा काय संबंध?' असं तिथे कुणी विचारलं तर काय सांगू? हिब्रू अजून येत नाही. – व.

प्रिय व.,

तुझी झोप उडवणारा प्रश्न आधी घेते. संबंध काय, हे तू विचारावंस? इस्राएल आळी ज्या गावात आहे, त्याच्या शेजारची तू! शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ज्यांना शनवार तेली म्हणत, ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, तुमच्याच किनाऱ्यावरचे. किहीमचे किहीमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर. बायबलातल्या कथांवर त्यांनी मराठीत कीर्तनं केली. वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री वाचायची पोथी, म्हणजे हगादा, १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापली. तिच्या चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका आपल्याकडच्या बायकांसारख्या जमिनीवर बसलेल्या आहेत. हिब्रूत मुरलेल्या तिथल्या बहुतेक प्राध्यापकांना त्या पानावरचं मराठी वाचता येणार नाही. तुला ते शब्दकोशाशिवाय कळेल. १९४८ नंतर यातली बरीचशी कुटुंबं इस्राएलला गेली, घरांतली कागदपत्रं विखुरली. ती वाचू शकणारं माणूस या विषयाला हवंच आहे गं.

आणि विद्यापीठातला हा विभाग म्हणजे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, घडवणारी पाठशाळा नव्हे. इतिहासकार सॅलो बॅरन यांनी १९३०च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ज्यू इतिहास शिकवायला घेतला, तेव्हापासून तो तिथे इतर इतिहासांच्या मांडीला मांडी लावून बसलाय. वर्गात ज्यू नसलेली मुलंही असतात. आवारात इस्राएल-गाझावरून वातावरण तापतं, तेव्हा तुला कुठल्यातरी एका बाजूला उभं करायला लोक बघतील. त्या वेळी घाईने बोलू नकोस, वाचत राहा.

आता पैसा. इथे मी तुझ्या आईच्या बाजूने आहे.

इंजिनिअरिंगला गेलेल्या तुझ्या मैत्रिणींना शिक्षणानंतर तिथे काम करायला ओपीटी नावाच्या परवानगीचे १२ महिने मिळतात आणि वर २४ महिन्यांची वाढ. ती वाढ विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना आहे, तुझ्या विषयाला नाही. म्हणजे कर्ज फेडायला डॉलरमधलं एकच वर्ष, तेही या विषयातलं काम मिळालं तर. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत आणि तेही आवारातच काम करता येतं. त्यातून वरखर्च निघेल, फी नाही. व्हिसासाठी विद्यापीठाकडून लागणारं आय-२० हे पत्र मिळवायला पहिल्या वर्षाच्या खर्चाची सोय दाखवावी लागते आणि बाबा नेमके तिथेच वाडी पुढे करणार.

मोठ्या विद्यापीठांत पीएच.डी.ला मात्र फी माफ होऊन वर विद्यावेतन मिळतं. तुझं लक्ष तिकडे हवं. तिथे प्रवेशाच्या वेळीच हिब्रू बघतात. मास्टर्सची दोन वर्षं अनेकांची भाषा गोळा करण्यातच जातात. मग ती अक्षरं डॉलर मोजून का गिरवायची? बावीस अक्षरं आहेत, उजवीकडून डावीकडे, आणि छापील मजकुरात बहुधा स्वरचिन्हं नसतात, त्यामुळे सुरुवातीला रडू येईल. रोज दोन तास दे. बायबलची हिब्रू आणि आजची बोलली जाणारी हिब्रू यांत फरक आहे, ऑनलाइन शिक्षक धरलास तर आजचीपासून सुरू कर. तालमुद या ज्यू धर्मग्रंथासाठी आरामी भाषा, जुन्या संशोधनासाठी जर्मन, हे नंतर. मोडी मात्र इथेच शीक, कोकणातले जुने कागद तिच्याशिवाय उघडत नाहीत.

या आठवड्यात विभागाला पत्र लिही. प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येईल का, पूर्ण फी माफ होईल का, आणि देणगीदारांच्या निधीतून परदेशी विद्यार्थ्यांना काय मिळतं, हे तिन्ही स्पष्ट विचार. हे विभाग बऱ्याच ठिकाणी देणग्यांवर उभे आहेत, विचारण्यात कमीपणा नाही. पत्राला त्या हगादेच्या एखाद्या पानावर तू लिहिलेले दोन परिच्छेद जोड. 'नाही' आलं, तर वर्षभराने हिब्रू घेऊन थेट पीएच.डी.ला अर्ज कर.

आणि बाबांना सांग, वाडीचा सातबारा कपाटातच राहू दे.

तुझी,
ताई