‘काका, जरा बाहेर बसा’

स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. दोन्ही किडन्या निकामी झाल्याने आपण तासगावजवळच्या गावातून आठवड्यातून तीनदा डायलिसिसला सांगलीस जाता. पत्नीची किडनी बसवण्याचे पुण्यातील एका रुग्णालयात ठरत आले आहे. मात्र तेथील डॉक्टर सारे बोलणे आपल्या पुतण्याशी करतात आणि आपल्याला ‘काका, जरा बाहेर बसा’ असे सांगतात, म्हणून डॉक्टर बदलावा का, असे आपण विचारता.

एवढ्यावरून बदलू नये. आधी पुतण्याला विचारा, की ‘काकांना फार सांगू नका, ते खचतील’ असे त्यानेच तर डॉक्टरांच्या कानावर घातलेले नाही ना. आपल्याकडे हे मायेपोटी सर्रास घडते आणि बोल मात्र डॉक्टरांना लागतो. तसे नसेल, तर पुढच्या भेटीत नम्रपणे पण ठामपणे सांगा की संमतीपत्रावर सही माझी असणार, तेव्हा ऐकणारही मीच. पुतण्याने शेजारी बसून टिपून घ्यावे.

प्रश्न घरूनच कागदावर लिहून न्या. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून ज्या गोळ्या जन्मभर वेळच्या वेळी घ्याव्या लागतात, त्यांचा दरमहा खर्च किती, हे विचारा. या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते. म्हणून ऑक्टोबर छाटणीला द्राक्षबागेत कधी उतरता येईल, औषध फवारणी आणि शेणखताचे काम पुढे करावे की नाही, हेही विचारा. पुण्याच्या डॉक्टरांना द्राक्षबाग आपणहून आठवणार नाही.

पत्नीविषयी आपल्या पत्रात एकच वाक्य आहे, ‘ती तयार आहे’. ते मला पुरेसे वाटले नाही. अवयव प्रत्यारोपणाच्या 1994 च्या कायद्याखालील 2014 च्या नियमांनुसार, दाता स्त्री असल्यास तिची संमती स्वतंत्र आहे याची खात्री रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून करून घ्यावी लागते. त्यांना डॉक्टरांशी एकटीने बोलू द्या. त्या वेळी आपण आणि पुतण्या दोघांनीही खुशाल बाहेर बसावे. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीही त्या नकार देऊ शकतात, आणि हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून कळलेले बरे.

त्या नाही म्हणाल्या किंवा तपासण्यांत बसल्या नाहीत, तर रुग्णालयामार्फत मृत दात्याच्या किडनीसाठी पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षा यादीत आपले नाव नोंदवता येते. त्याची चौकशी याच भेटीत करून ठेवावी.