पाय प्लास्टरमध्ये असताना घरबसल्या कोणता छंद करता येईल?

दीड महिना पाय प्लास्टरमध्ये, वेळ जात नाही, असं तुम्ही म्हणताय. गेल्या पावसाळ्यात माझाही घोटा मोडला होता, सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून. तिसऱ्या दिवशी टीव्हीचा वीट आला. समोर भाचीचा कापडी हत्ती पडला होता, त्याचेच फोटो काढायला लागलो.

खर्च शून्य. घरच्यांना सांगून खिडकीशी टेबल लावून घ्या, फ्लॅश बंद. उजेड एका बाजूने आला की खेळण्याची लव उठून दिसते. दुसऱ्या बाजूला पांढरा कागद उभा केला की सावली मऊ होते. मोबाइल खेळण्याच्या नजरेच्या उंचीवर धरा, फोकस डोळ्यावर. त्या काळ्या मण्यात खिडकीचा ठिपका चमकला की हत्ती जिवंतच होतो! पोर्ट्रेट मोड मात्र नको, केसाळ कडा पार पुसून टाकतो.

माझा हत्ती कुकरच्या शिट्ट्या मोजायचा, बाकरवडीच्या पुड्याला टेकून झोपायचा. एकदा त्याच्या पायाला बँडेज बांधलं, तर आई म्हणाली, "एक लंगडा पुरे होता घरात." पुढे ताईने तुळशीबागेतून त्याला सोबतीला अस्वल आणलं.

पाय उशीवरच ठेवा हं. चांगल्या अँगलसाठी खाली वाकून मी डॉक्टरांची बोलणी खाल्लीत.